प्रवेश झाला, आता आत शिरा

विद्यापीठात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पाच याद्यांमध्ये नाव लिहून मोकळी झाले होते. मुख्य इमारतीच्या व्हरांड्यात ओळीने टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे दोन उत्साही सीनियर आणि समोर रेघा मारलेला कागद. वादविवाद, नाटक, गिर्यारोहण, छायाचित्रण. पाचवं काय होतं ते आता आठवतही नाही. सहा महिन्यांनी मागे वळून पाहिलं तर यातल्या एकाही ठिकाणी मी दुसऱ्यांदा गेले नव्हते. लेक्चर संपलं की खोली, खोलीवरून पुन्हा लेक्चर. ओळखपत्रावर माझा फोटो होता, एवढाच काय तो माझा आणि विद्यापीठाचा संबंध.

‘पुस्तकाबाहेरही बघा’ असं प्रत्येक स्वागत समारंभात सांगतात. म्हणजे नक्की कुठे बघायचं आणि सोमवारी सकाळी उठून काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. तेवढंच इथे सांगायचा विचार आहे.

अलेक्झांडर अॅस्टिन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ साली एक मांडणी केली. विद्यार्थी विद्यापीठात किती शिकतो आणि किती बदलतो, हे तो तिथे तनामनाने किती गुंततो यावर अवलंबून असतं, असं त्यांचं म्हणणं. वाचायला अगदीच साधं वाटतं. पण याचा सरळ अर्थ असा की यादीतल्या नावाला काडीची किंमत नाही. त्याआधी १९७५ साली व्हिन्सेंट टिंटो यांनी मुलं शिक्षण अर्धवट का सोडतात याचा विचार मांडला होता. मार्क कमी पडणं हे एक कारण झालं. दुसरं कारण म्हणजे त्या जागेशी, तिथल्या माणसांशी धागाच न जुळणं. माझा पहिल्या सहामाहीतला निकाल वाईट नव्हता, तरीही दर रविवारी बॅग भरून घरी निघून जावंसं वाटायचं. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

पहिली पायरी: पंधरा दिवस नुसतं फिरा

सुरुवातीला कुठेही नाव घालू नका. आधी जागा पाहून घ्या. विभागाचा नोटीस बोर्ड, विद्यार्थी कल्याण कार्यालयाचा बोर्ड, मैदान, आरोग्य केंद्र, समुपदेशकाची खोली, शिष्यवृत्तीचे अर्ज घेणारी खिडकी. लायब्ररीत जाऊन नुसतं कार्ड काढून परतू नका. एका वेळी किती पुस्तकं मिळतात, वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा असतो, इथे नसलेलं पुस्तक दुसऱ्या लायब्ररीतून मागवून देतात का, हे काउंटरवर विचारा. तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मैत्रिणीला समुपदेशक फुकट भेटतात हे माहीत नव्हतं. अशी माणसं तुम्हालाही ढिगाने भेटतील.

फिरताना खिडकीमागच्या माणसांची नावं विचारून घ्या. कुलगुरू कोण हे माहीत नसलं तरी चार वर्षं निभावतात, पण हॉलची किल्ली कुणाकडे असते हे माहीत नसलं तर पहिल्याच कार्यक्रमाला फजिती होते.

जाता जाता एक गंमत. इटलीतल्या बोलोन्याचं विद्यापीठ युरोपातलं सगळ्यात जुनं मानतात, परंपरेने त्याचं साल १०८८ सांगितलं जातं. तिथे ‘युनिव्हर्सितास’ या शब्दाचा अर्थ इमारत असा नव्हताच. तो होता विद्यार्थ्यांचा संघ. हा संघच शिक्षक नेमायचा आणि शिक्षक तासाला उशिरा आले तर त्यांना दंड करायचा. आज असं काही करायला जाऊ नका. पण ही जागा मुळात विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन उभी केली होती, हे ध्यानात असलं की नोटीस बोर्डासमोर उभं राहताना पाहुण्यासारखं वाटत नाही.

दुसरी पायरी: दोनच निवडा

एक आवडीचं आणि एक अनोळखी. शाळेपासून तबला वाजवत असाल तर संगीत मंडळात जा. तिथे तुम्हाला निदान बोलायला विषय असतो. दुसरं मात्र असं निवडा ज्यातलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही. वादविवाद, विद्यार्थ्यांचं नियतकालिक, रोबोटिक्स, वृक्षगणना, काहीही. नवख्या माणसाला नवखं असण्याची सूट पहिल्याच वर्षी मिळते. तिसऱ्या वर्षी ‘मला यातलं काही येत नाही’ असं म्हणायला जीभ रेटत नाही.

मंडळ चांगलं की नुसतं दिखाऊ, हे पहिल्या बैठकीत कळत नाही, कारण पहिली बैठक सगळ्यांचीच छान होते. दुसऱ्या बैठकीला जा आणि तीन गोष्टी बघा. ठरलेल्या वेळी सुरू झाली का? नव्या मुलांना बोलू दिलं, की तेच चार जण तासभर बोलत राहिले? आणि गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचा हिशेब विचारला तर तो दाखवता आला का? तिसऱ्या प्रश्नावर कपाळाला आठ्या पडल्या तर दुसरं मंडळ शोधा.

आणखी एक. सीनियरांनी ‘ओळख करून घेण्याच्या’ नावाखाली अपमान करणारं काही करायला लावलं, तर तो सहभाग नव्हे. तिथून उठा, काय घडलं ते तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहा आणि लेखी तक्रार करा. यात लाजण्यासारखं तुमच्याकडून काही झालेलं नसतं.

तिसरी पायरी: तास मोजा

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांचं २०१८ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन आहे. नुसत्या तोंडओळखीतून सर्वसाधारण मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, खरी म्हणावी अशी मैत्री व्हायला ९०च्या आसपास आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून जास्त. आता हिशेब करा. मंडळाची बैठक आठवड्याला दोन तासांची आणि सत्र पंधरा आठवड्यांचं. एकही बैठक चुकवली नाही तरी सत्राअखेर होतात ३० तास. म्हणजे पहिल्या टप्प्यालाही आपण पोचत नाही! ‘चार महिने जातेय, अजून कुणाशी जमत नाही’ ही तक्रार माझीही होती. दोष माझा नव्हता आणि त्यांचाही नव्हता, तासच भरले नव्हते.

हेच दोन तास पाच मंडळांत वाटले तर काय होईल ते सांगायला नको.

हॉल यांचा आणखी एक मुद्दा मला जास्त कामाचा वाटतो. नुसतं शेजारी बसून काम करत घालवलेले तास मैत्रीच्या हिशेबात तितकेसे धरले जात नाहीत. गप्पा, हसणं, एकत्र उंडारणं यांचे तास जास्त मोजले जातात. म्हणून बैठक संपली की लगेच बॅग उचलू नका. खुर्च्या लावताना, दिवे बंद करताना, जिन्यावरून उतरताना जी वीस-पंचवीस मिनिटं जातात, बरेचसे धागे तिथेच जुळतात. बुजऱ्या माणसाला तर ही वेळ फारच सोयीची. खुर्ची उचलताना कुणाच्या डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही.

तरीही पहिले काही महिने परकं वाटणारच. इथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि मी एकटीच बाहेरची, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटत असतं. फक्त कुणी तसं बोलून दाखवत नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. ‘आम्हालाही सुरुवातीला असंच वाटलं होतं, हळूहळू गेलं,’ असा त्यांचा सूर होता. मग त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं. सगळं मिळून तासाभराचं काम. पण त्यानंतरच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत असलेली तफावत निम्म्यावर आली. हे निष्कर्ष २०११ साली छापून आले. तुम्हाला यातून घेता येईल ते इतकंच: एखाद्या सीनियरला गाठून ‘पहिल्या सहा महिन्यांत तुला कसं वाटायचं?’ असं सरळ विचारा. उत्तर बहुतेक तुमच्या मनातलंच निघेल.

चौथी पायरी: काम मागून घ्या

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेते.

मंडळात दोन प्रकारची मुलं असतात: येणारी आणि करणारी. येणाऱ्यांना करमणूक मिळते. शिकतात ती करणारी. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत को-ऑर्डिनेटरला जाऊन म्हणा, ‘मला एखादं छोटं काम द्या, पण पूर्ण माझं द्या.’ पोस्टर लावणं चालेल, हॉल बुक करणं चालेल, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं चालेल. ‘मदतीला येते’ असं म्हणू नका. मदतनीसाच्या डोक्यावर काही नसतं, त्यामुळे डोक्यात काही शिरतही नाही.

माझ्याकडे आलं होतं हॉलचं बुकिंग. वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी, शनिवार, दुपारी दोन. मी पंधरा दिवस आधी कार्यालयात अर्ज दिला. खिडकीतून उत्तर आलं, ‘होऊन जाईल.’ मी निर्धास्त. शनिवारी दीड वाजता पोचले तर हॉलच्या दारावर दुसऱ्याच विभागाच्या चर्चासत्राचा फलक, आत माणसं बसलेली. माझ्या हातात दाखवायला एक चिठोराही नव्हता. अर्जाची पोच मी घेतलीच नव्हती. आवक क्रमांक म्हणजे आलेल्या अर्जाला कार्यालय देतं तो नोंदीचा नंबर, हे मला त्या दिवशी कळलं, तेही शिपाईकाकांकडून. शेवटी फेरी झाली ती इमारतीच्या पायऱ्यांवर. माइक नाही, परीक्षक कठड्याला टेकून उभ्या, वाऱ्याने गुणपत्रिका उडतायत आणि स्पर्धक घसा ताणून बोलतायत. संध्याकाळी कुणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर आजतागायत मी कुठलाही अर्ज दोन प्रतींत केल्याशिवाय राहत नाही. एक द्यायची आणि दुसरीवर सही, शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन आपल्या फायलीत ठेवायची. आदल्या दिवशी स्वतः जाऊन किल्ली कुणाकडे आहे ते विचारून यायचं. व्यवस्थापनाच्या अख्ख्या पेपरात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

अशा कामातून काय काय हाताला लागतं त्याची यादी मोठी होईल. तीनच सांगते, कारण ती कुठल्याही नोकरीत पहिल्या आठवड्यापासून लागतात.

बैठकीचं इतिवृत्त लिहिणं. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून नव्या माणसाला लगेच मिळतं. कोण काय बोललं ते सगळं उतरवू नका. प्रत्येक विषयाखाली तीन गोष्टी पुरतात: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ‘पोस्टरबद्दल चर्चा झाली’ हे वाक्य बिनकामाचं आहे. ‘पोस्टरचा मजकूर ज्युनियर टीम गुरुवारपर्यंत देणार, छपाई सोमवारी’ असं लिहा. बैठक संपल्यावर त्याच रात्री ते ग्रुपवर टाका. महिन्याभरात तुमच्या लक्षात येईल की मंडळात काय चाललंय हे अध्यक्षापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

पैशांचा हिशेब. आगाऊ रक्कम घेतली की ती स्वतःच्या पैशांत मिसळू नका. वेगळं पाकीट ठेवा. खर्च झाला त्याच दिवशी लिहा. पावत्यांचे फोटो काढून ठेवा, कारण मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवरची शाई काही महिन्यांत उडून जाते आणि हिशेब तपासणीला नेमका कोरा कागद हाती येतो. पावती नसेल तर तसं स्पष्ट लिहून दोघांच्या सह्या घ्या.

आणि अनोळखी माणसाला मजकूर लिहिणं. पाहुण्यांना निमंत्रण, संस्थेला मदतीची विनंती, विभागप्रमुखांना परवानगीचा अर्ज. पहिल्या दोन ओळींत कोण, काय, कधी, कुठे आणि त्यांच्याकडून नक्की काय हवंय ते आलं पाहिजे. मी लिहिलेल्या पहिल्या निमंत्रणात वक्तृत्वाचं महत्त्व यावर दीड परिच्छेद होता आणि कार्यक्रमाची तारीख नव्हती.

पाचवी पायरी: अभ्यासातही गट करा

सहभाग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर स्टेज येतं. वर्गातला सहभाग तितकाच कामाचा, किंबहुना मार्कांच्या दृष्टीने जास्तच.

१९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइसमन हे गणितज्ञ एका कोड्यात पडले. शाळेत हुशार असलेले अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये नापास होत होते, तर चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम चालले होते. शिक्षकांकडे तयार कारणं होती: घरची परिस्थिती, तयारी कमी, इच्छा कमी. ट्राइसमन यांनी कारणांवर विश्वास ठेवण्याऐवजी दोन्ही गटांतली वीस-वीस मुलं प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात ते जाऊन पाहिलं. कृष्णवर्णीय मुलं मन लावून अभ्यास करत होती, पण एकटी. त्यांचं अभ्यासाचं जग वेगळं आणि मित्रांचं वेगळं. चिनी वंशाची मुलं आधी आपापला अभ्यास करायची आणि मग एकत्र बसून उत्तरं ताडून बघायची, एकमेकांच्या चुका काढायची, एकमेकांना प्रश्न घालायची. अडलं तर ‘मलाच येत नाही’ असं न वाटता ‘हे सगळ्यांनाच अवघड जातंय’ हे लगेच कळायचं. ट्राइसमन यांनी मग अवघड गणितं गटात सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यात आलेल्या मुलांचे निकाल सुधारले.

हे करायचं कसं? तीन ते पाच जण घ्या. सहावा आला की दोन जण गप्प बसायला लागतात. आधी एकट्याने अभ्यास करून यायचं, हा नियम कडक ठेवा, नाहीतर एक जण शिकवतो आणि बाकीचे माना डोलावतात. जागा आणि वार ठरलेला हवा. बसल्यावर पुस्तक मिटून एकाने फळ्यावर समजावून सांगायचं, बाकीच्यांनी अडवायचं. अडवणूक प्रेमाने करा. आमच्या गटातला एक जण प्रत्येक पायरीला नुसतं ‘का?’ विचारायचा. फार राग यायचा त्याचा. परीक्षेच्या आधी मात्र सगळे त्यालाच शोधत फिरायचे.

सहावी पायरी: शिक्षकांच्या खोलीत जा

भीती वाटते, मान्य. दारापर्यंत जाऊन मीही कितीदा परत फिरले आहे. पण २०१४ साली गॅलप ही सर्वेक्षण संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी अमेरिकेतल्या ३० हजारांहून जास्त पदवीधरांची पाहणी केली. ज्यांना शिकण्याची गोडी लावणारा निदान एक शिक्षक भेटला, शिक्षकांना आपली माणूस म्हणून काळजी आहे असं वाटलं आणि स्वप्नांना बळ देणारं कुणी मोठं माणूस मिळालं, ते पुढे कामात मनापासून रमलेले असण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. या तिन्ही गोष्टी मिळाल्याचं ठामपणे सांगणारे होते फक्त १४ टक्के. आता, पाहणी म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. जी मुलं मुळातच बोलकी, ती शिक्षकांनाही भेटतात आणि कामातही रमतात, असंही असू शकतं. तरी दार ठोठावण्याचा खर्च शून्य आहे.

‘सर, थोडं मार्गदर्शन हवं होतं’ असं म्हणत जाऊ नका. त्यावर ते तरी काय बोलणार! एकच नेमका प्रश्न लिहून न्या: ‘मॅडम, मंगळवारच्या तासाला तुम्ही म्हणालात की ही पद्धत लहान नमुन्यावर चालत नाही. लहान म्हणजे किती?’ पाच मिनिटांत उठा. पुढच्या महिन्यात पुन्हा जा आणि त्यांनी सुचवलेलं वाचून काय कळलं ते सांगा. दुसऱ्यांदा येणारी मुलं इतकी कमी असतात की तुमचं नाव त्यांच्या आपोआप लक्षात राहतं. पुढे शिफारसपत्र मागायची वेळ येईल तेव्हा त्यांच्याकडे लिहायला काहीतरी असेल.

सातवी पायरी: ‘नाही’ कधी म्हणायचं

आठवड्याचे तास १६८. आठ तासांच्या झोपेचे ५६ गेले, राहिले ११२. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ विद्यार्थ्याचं वर्षभराचं काम १,५०० ते १,८०० तासांचं धरतात, म्हणजे चाळीस आठवडे धरले तर आठवड्याला साधारण ३८ ते ४५ तास, लेक्चर आणि स्वतःचा अभ्यास मिळून. उरले सत्तरच्या आसपास. जेवणखाण, कपडे, येणंजाणं, घरचे फोन, आजारपण आणि काहीच न करता पडून राहणं, हे सगळं त्यातच. माझ्या मते मंडळाच्या कामाला आठवड्याला सहा ते आठ तास ही वरची मर्यादा. कार्यक्रमाचा आठवडा सोडून. नोकरी करून शिकत असाल किंवा रोज लांबून येत असाल तर दोन तासही पुष्कळ. मात्र ते ठरलेले दोन तास असू द्या, आणि काम असं घ्या जे घरूनही होतं: इतिवृत्त, पोस्टरचा मजकूर, हिशेब.

सत्र सुरू झालं की परीक्षा आणि सबमिशनच्या तारखा मंडळाच्या ग्रुपवर आधीच टाका. ‘या तीन आठवड्यांत मी नाही’ हे दोन महिने आधी सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही. आदल्या रात्री सांगितलं तर सगळ्यांनाच वाटतं. बॅकलॉग राहिला तर एक सत्र मंडळ सोडा, लाज वाटून घेऊ नका. फेस्टच्या नादात वर्ष घालवलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या आठवणी रंगतदार असतात, पण त्या सांगताना ते गुणपत्रिकेचा विषय टाळतात.

निवडणूक किंवा वर्गप्रतिनिधीपद याबद्दल थोडक्यात: दुसऱ्या वर्षाआधी उभं राहू नका. लोकांच्या अडचणी काय आहेत ते माहीत नसताना त्यांच्या वतीने बोलायला जाण्यात अर्थ नाही.

आठवी पायरी: नोंद ठेवा, ओळख ठेवा

एका वहीत किंवा फोनमध्ये प्रत्येक कामानंतर चार ओळी लिहा: काय होतं, मी नक्की काय केलं, किती माणसं किंवा किती पैसे होते, काय बिघडलं. तीन वर्षांनी बायोडेटा करताना यातलं काहीच आठवत नाही. ‘वादविवाद मंडळाची सक्रिय सदस्य’ या ओळीवरून मुलाखतीत कुणी काही विचारत नाही. ‘१२ संघांच्या स्पर्धेचं हॉल, वेळापत्रक आणि हिशेब सांभाळला, दुसऱ्या वर्षी खर्च ठरलेल्या रकमेत बसवला’ असं लिहिलं की समोरचा खुर्चीत जरा पुढे सरकतो. पहिल्या वर्षी का बसला नव्हता, हेच तो विचारतो. तिथे बिघडलेल्या गोष्टींची नोंद कामी येते.

ओळखींचं म्हणाल तर, समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली बोस्टनजवळच्या नोकरदारांवरून दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना मदत झाली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांची. कारण उघड आहे: जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, लांबच्या माणसाकडे लांबची बातमी असते. दोन वर्षं पुढे असलेली, तुमच्याबरोबर एकदा रात्रभर मंडप बांधलेली सीनियर ही नेमकी तशी लांबची ओळख. तिला सहा महिन्यांतून एकदा कामाशिवाय दोन ओळी पाठवा. कामापुरताच निरोप पाठवणारा माणूस निरोप वाजला की ओळखू येतो.

शेवटची पायरी: सोपवून बाहेर पडा

मंडळं का बुडतात? चांगली मुलं उत्तीर्ण होतात आणि सगळं डोक्यात घेऊन जातात. म्हणून जायच्या आधी एक फाईल करा. त्यात अर्जांचे नमुने, मागच्या दोन वर्षांचे हिशेब, पाहुण्यांची यादी आणि त्यांनी काय उत्तर दिलं, कुठलं सामान कुणाकडे पडून आहे, कुठल्या महिन्यात काय सुरू करायचं आणि काय काय फसलं. ही फाईल शेवटच्या दिवशी कुणाच्या हातात कोंबू नका. निदान एक कार्यक्रम नव्या मुलांना चालवू द्या आणि तुम्ही मागच्या रांगेत बसा. हे फार कठीण जातं, उठून मध्ये पडावंसं वाटतं.

माझ्या फाईलचं पहिलं पान हॉलच्या अर्जाचं होतं. खाली लाल पेनाने लिहिलं होतं: ‘पोच घ्या. आदल्या दिवशी किल्ली बघून या. पायऱ्यांवर वारा फार असतो.’ ज्या मुलीला मी ती दिली, तिने शेवटचं वाक्य वाचून विचारलं, ‘ताई, हे काय?’ मग आम्ही तिथेच, त्याच पायऱ्यांवर बसलो.